पुण्याचा पत्ता

१२ मार्च २०२५, आयर्लंड

वहिनी,

पाकीट नंदाबाईंच्या नावाने पाठवतेय. तुमच्या अंगणवाडीच्या मदतनीस असल्या तरी टपाल त्याच घेतात आणि कुणापाशी बोलत नाहीत, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. फोन करायची सोय नाही. तुमचा फोन रोज संध्याकाळी दादाच्या हातात जातो, हे मी विसरलेले नाही, आणि नंदाबाईंच्या फोनवर परदेशातला नंबर दिसायला नको. घर सोडल्यापासूनचं हे पहिलं पत्र आणि तेही कामाचं. रागावू नका.

कल्याणने आणि मी इथल्या सरकारकडे आसरा मागितला होता. मायदेशी परत गेलो तर जिवाला धोका आहे, आम्हाला इथे राहू द्या, असा तो अर्ज असतो. दहा महिने वाट पाहिली आणि गेल्या आठवड्यात उत्तर आलं. नामंजूर. सतरा पानं आहेत आणि भाषा फार सभ्य आहे. वाचताना वाटतं, एखादा शांत माणूस समोर बसून आपल्याला खोटारडं ठरवतोय आणि मधून मधून पाणी हवंय का विचारतोय.

आम्ही लग्न केल्यावर अण्णांनी लेक मेली म्हणून वेशीत लावलेल्या बॅनरचा फोटो आम्ही दिला होता. माझा बारावीतला फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली शोकाकुल म्हणून सगळ्या भावकीची नावं. पुण्यात खोलीवर बसून मी माझ्याच तेराव्याच्या पंगती मोबाइलवर पाहिल्या होत्या. त्यावर निकाल देणाऱ्या साहेबांचं म्हणणं असं, की असा बॅनर कुणालाही छापून घेता येतो. आणि खरा धरला, तरी ज्या घराने मुलगी मेली म्हणून जाहीर केलं ते घर तिला मारायला कशाला येईल? पुढे आणखी मजा आहे. त्यांनी इंटरनेटवर आपलं गाव शोधलं. गावाला तंटामुक्तीचं बक्षीस मिळालंय हे त्यांना सापडलं. म्हणजे आपल्या गावात तंटे होत नाहीत. कल्याण हे वाचून इतका हसला की मला भीती वाटली.

हे सगळं खोडून काढता येईल म्हणतात वकीलबाई. अडलंय एकाच ठिकाणी. साहेबांनी विचारलंय, की पुण्यासारख्या शहरात भाड्याच्या एका खोलीत राहणारी दोन माणसं तुझ्या भावाला सापडली कशी? पत्ता कुणाकुणाला माहीत होता? मी सांगितलं, फक्त शिवाजीला. हा कल्याणचा कॉलेजातला मित्र, त्यानेच ती खोली बघून दिली होती. पण त्याने पत्ता का दिला, कधी दिला, मला सांगता येईना. मग त्यांनी लिहून टाकलं, की भाऊ तिथवर पोचला कसा हे अर्जदाराला सांगता येत नाही, म्हणून हल्ला झाला यावर विश्वास बसत नाही. तिने भारतातल्याच दुसऱ्या एखाद्या शहरात जाऊन राहावं.

पत्ता तुम्हालाही माहीत होता, हे मी सांगितलेलं नाही. तुमचं नाव कुठल्याच कागदावर येऊ दिलं नाही. तुम्हाला त्या घरात दिवस काढायचेत.

आता अपील केलंय. तेही फेटाळलं तर परत पाठवतील, आणि परत म्हणजे कुठे ते तुम्हाला माहीत आहे. दादाला पत्ता कसा मिळाला, एवढं त्याच्या बोलण्यातून निघतं का बघा. सरळ विचारू नका.

माय कशी आहे?

तुमची
शीतल

---

९ एप्रिल २०२५

शीतल,

तुझं पाकीट नंदाबाईंनी तांदळाच्या कोठीत ठेवलं होतं. लेकरं खाऊन घरी गेल्यावर वाचलं. दोनदा वाचलं.

तुझी माय बरी आहे. गुडघे धरतात, उठताना भिंतीला हात लावते. साखर तपासायला अंबडला नेलं होतं तर डॉक्टरांनी भात बंद सांगितला, आणि घरी येऊन पहिल्यांदा भातच मागितला. मामंजी पूर्वीसारखेच आहेत, फक्त कमी बोलतात. पाटाला एक पाळी पाणी आलं म्हणून मोसंबी तगली. तुझ्या मैत्रिणीचं, रोहिणीचं, वडीगोद्रीला लग्न झालं. जेवण चांगलं होतं, पण ऊन असं की लोक अक्षता टाकायच्या आधीच सावलीला पळाले.

कागदासाठी मी एक खटपट केली. पोलीस पाटलांना आडून विचारलं, की कुणाला गावात धोका असेल तर तसा दाखला मिळतो का. ते म्हणाले, "धोक्याचा दाखला न्हाई भेटत. गावात शांतता हाय, असा पाह्यजे तर आत्ता लिहून देतो." मी म्हणाले, राहू द्या.

तू विचारलेल्या गोष्टीचं म्हणशील तर इथे कुणी त्यावर बोलत नाही. तो विषय निघाला की हे उठून बाहेर जातात. तू म्हणतेस तर शिवाजीच असेल. पोरं बोलता बोलता बोलून जातात, पुढे काय होईल ते त्यांना कुठे कळतं. तू त्याचा फार विचार करत बसू नकोस. दुसरा काही मार्ग असेल तर वकीलबाईंना विचार.

तब्येतीला जप. कल्याणरावांच्या पायाचं काय?

दैवशाला

---

२ मे २०२५

वहिनी,

पत्र मिळालं. मायच्या भाताचं वाचून कल्याणसुद्धा हसला. तुम्ही घाबरला आहात, ते ओळीओळीत दिसतं. मी समजू शकते.

दुसरा मार्ग नाही. मी वकीलबाईंना विचारलं.

कल्याणचा पाय जुळला तो वाकडाच. थंडीत फार दुखतो आणि इथे थंडी नसेल तेव्हा पाऊस असतो. सरकारने आम्हाला एका बंद पडलेल्या हॉटेलात ठेवलंय. एका मजल्यावर अकरा कुटुंबं. खोलीत चूल मांडायला बंदी, खाली जे वाढतील ते खायचं. मला एका शेडमध्ये अळिंबी, म्हणजे मशरूम, खुडायचं काम मिळालंय. मोठमोठ्या अंधाऱ्या खोल्या, मांडण्यांवर मांडण्या, डोक्याला दिवा बांधून खुडायचं. मुकादम म्हणते, तुझा हात चांगला बसलाय. मी म्हटलं, कापूस वेचलाय बाई. तिला कळलं नाही आणि मलाही समजावून सांगायचा कंटाळा आला.

कंटाळाच येतो, वहिनी. घाबरायचासुद्धा. एकच गोष्ट किती जणांना सांगायची. पहिल्या साहेबाला सांगितली, मग वकीलबाईंना, मग एका डॉक्टरला, कारण अंगावरच्या खुणांचा कागद लागतो. दर वेळी त्यात त्या मारात गेलेलं बाळ येतं. दर वेळी विचारतात, कितवा महिना होता. आता मी ते एखाद्या फॉर्मवरची जन्मतारीख सांगावी तसं सांगते, आणि तसं सांगितलं की त्यांना वाटतं हिला काही दुःखच नाही.

आता कामाचं. कल्याणने ठरवलंय की शपथेवर लिहून द्यायचं, पत्ता शिवाजीनेच फोडला. शिवाजी दोन वर्षं शपथा घेऊन सांगतोय की तो नाही. त्याने कल्याणला दवाखान्यात नेलं होतं, आठ दिवस उशाशी बसला होता. कल्याण म्हणतो, म्हणूनच बसला होता. मला कधी कधी वाटतं तो नसेल. पण तो नाही तर मग कोण? कुणाचं तरी नाव द्यावंच लागतं.

तुमच्या हातची एक ओळ हवी आहे. 'पत्ता शिवाजीकडून कळला असं घरात बोलणं झालं होतं', एवढीच. सही फक्त 'घरातली एक बाई' अशी करा. सगळे कागद जूनमध्ये द्यायचेत.

शीतल

---

२१ मे २०२५

शीतल,

तू मागितलेली ओळ मी लिहिणार नाही. शिवाजीने काही केलेलं नाही. त्याचं नाव कागदावर घालू नका. पत्ता माझ्याकडून गेला.

मागच्या पत्रात मी 'शिवाजीच असेल' असं लिहिलं तेव्हा मला हे माहीत होतं. पाकीट टाकून घरी आले, भाकरी थापायला बसले, आणि मनाशी म्हटलं, होईल त्यांचं काहीतरी. आता सगळं लिहिते. मध्ये थांबू नकोस, एका दमात वाच.

तिसरा महिना लागला म्हणून तू नंदाबाईंच्या फोनवर सांगितलंस ना, ते मी फक्त तुझ्या मायला सांगितलं. ती तुळशीपाशी बसली ती उठेचना. तुझं तेरावं जेवलेली बाई, शीतल. सगळ्यांच्या देखत जेवली होती. ती मला म्हणाली, "मेलेल्या लेकीची कूस उजवती का? जिती हाय ती. चोरचोळी माहेरची जायाला पाह्यजे. तेवढी मला घालू दे." मी म्हटलं, घरात कळलं तर. ती म्हणाली, "चोरचोळीच हाय. चोरूनच करत असतेत." आणि खरंच की. तिसऱ्या महिन्यात कुणाला न सांगता लेकीला हिरवी चोळी द्यायची. आपल्या सगळ्या रीतीभातींत तुझ्यासाठी करता येईल अशी ती एकच उरली होती.

मी वडीगोद्रीला गेले, हिरवा खण घेतला, बांगड्या घेतल्या आणि रस्त्यावरच्या कुरिअरवाल्याकडे दिलं. त्याने तुझं नाव लिहिलं, कल्याणरावांचं आडनाव लिहिलं, पुण्याचा पूर्ण पत्ता लिहिला आणि पावती माझ्या हातात दिली. ती तिथेच फाडायची होती. पण मी अंगणवाडीची बाई. एक किलो मुगाच्या डाळीची पावती हरवली तरी पर्यवेक्षिका चार माणसांत बोलते. दहा वर्षांत मी एक चिठोरं फेकलेलं नाही. हाताला सवय लागली, पावती आली की पिशवीत. तीही तशीच पिशवीत गेली.

महिनाअखेरीला तुझे भाऊ माझ्या पावत्या लावून देतात, तुला माहीत आहे. त्यांचं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशी त्यांनी सगळ्या लावल्या, टाचणी मारली आणि गठ्ठा माझ्याकडे दिला. तोंडावर काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी मला आठवलं आणि मी पिशवी उपसली. पावती नव्हती. हे मोटारसायकल दुरुस्तीला टाकतो म्हणून जालन्याला गेले होते. संध्याकाळी आले, जेवले. तिसऱ्या दिवशी दोन चुलत भावांना घेऊन गेले, देवाला जातो म्हणाले.

शीतल, मला दोन दिवस माहीत होतं. नंदाबाईंचा फोन समोर होता. मी तुला फोन केला नाही. मी स्वतःला सांगत राहिले, की पावती कुठेतरी पडली असेल, डाळीच्या पोत्यात गेली असेल. फोन केला आणि यांना कळलं तर माझी दोन लेकरं घेऊन मी कुठे जाऊ, हेही मनात होतं. चोळी पाठवली ती चूक झाली म्हणता येईल. हे दोन दिवस म्हणजे चूक नाही.

चौथ्या दिवशी परत आले ते हौदावर हात धूत बसले. साबण लावायचा, धुवायचा, परत लावायचा.  तेच म्हणाले, "पाय मोडून आलोय फकत. पुन्हा पत्ता घावला तर पायावर भागायचं न्हाई. तिचंबी न्हाई अन् त्याचंबी न्हाई." हे त्यांचे शब्द आहेत, मी शपथेवर सांगते.

बाळाचं मला नंतर कळलं. तुझ्या मायला अजून सांगितलेलं नाही. पोरगी सुखरूप आहे, लेकरू तिकडे वाढतंय, असं ती धरून चाललीय. चोळीमुळे काय झालं हे तिला सांगायची माझी छाती नाही आणि तूही कधी सांगू नकोस.

ती पावती त्यांनी फाडली नव्हती. शेताच्या कागदांच्या पिशवीत होती. मी काढली. या पाकिटात आहे. तारीख आणि शिक्का आहे. कधी ना कधी ते शोधतील, तेव्हाचं तेव्हा बघू. सोमवारी मी मीटिंग आहे म्हणून अंबडला जाते आणि हेच सगळं वकिलाकडून स्टॅम्पपेपरवर लिहून, सही करून स्पीड पोस्टाने धाडते. 'घरातली एक बाई' नाही. यांच्या नावासकट पूर्ण नाव लिहिते, दैवशाला आदिनाथ. मला जे म्हणायचं ते म्हण. पण हे साहेबांना दाखव.

दैवशाला

---

१० ऑगस्ट २०२५

शीतल,

मेअखेरीला पाठवलेले कागद पोचले का? पोस्टातले म्हणतात, तिकडे कुणीतरी सही करून घेतले. सही वाचता येत नाही.

पीकविम्याचे कागद काढायला यांनी परवा पिशवी उघडली होती. सगळं खाली ओतलं, पाहिजे ते घेतलं, बाकीचं परत भरलं. माझ्याकडे बघितलं नाही. कळलं की नाही कळलं, सांगता येत नाही. माझं जेवण कमी झालंय.

तू लिहीत नाहीस, ते बरोबरच आहे. फक्त कागद पोचले एवढं कळव. कोऱ्या कागदाचं पाकीट टाकलंस तरी मला समजेल.

दैवशाला

---

२६ ऑक्टोबर २०२५

वहिनी,

कागद पोचले होते. सही माझीच होती.

पाच महिने लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं. पाचसहा पत्रं लिहिली आणि फाडली. त्यांतल्या एकात तर फक्त शिव्या होत्या, मायकडून शिकलेल्या.

तुमचं पत्र मी कसं वाचलं ते सांगते. इथे मराठी वाचणारं कुणी नाही. अधिकृत भाषांतर व्हायला वेळ लागणार होता, म्हणून वकीलबाई म्हणाल्या, तूच वाच आणि इंग्रजीत सांग, मी टाइप करते. मी मागितलेली ओळच असेल म्हणून पाकीट त्यांच्यासमोरच फोडलं. एकेक वाक्य वाचायचं, इंग्रजी करायचं, त्या टाइप करणार. 'मला दोन दिवस माहीत होतं' इथे मी थांबले. त्या म्हणाल्या, पुढे? मी पुढचं सांगितलं. पावती पाहून त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, शीतल, दोन वर्षांत असा पुरावा माझ्या हाती आलेला नाही, अभिनंदन. मी थँक्यू म्हटलं. मग त्यांच्या संडासात जाऊन बसले.

दादा आणि ते दोघं चुलत भाऊ आले त्या दिवशी तुम्ही पाठवलेल्या बांगड्या माझ्या हातात होत्या. पत्ता त्यांच्याच पावतीवरून गेला असेल, असं मला एकदाही वाटलं नाही.

कल्याणने शिवाजीला फोन लावला आणि सगळं सांगितलं, माफी मागितली. शिवाजीने ऐकून घेतलं, "बरं झालं कळलं" म्हणाला आणि फोन ठेवला. आता उचलत नाही. लग्न झालंय म्हणे त्याचं.

मी तुम्हाला माफ केलंय का, मला माहीत नाही. चोळीचा राग येत नाही. तुम्ही आणि माय मिळून माझ्यासाठी चोरून खण घेताय, हे डोळ्यासमोर आलं की मला तुमच्या गळ्यात पडून रडावंसं वाटतं. त्या दोन दिवसांचा राग येतो. एक फोन, वहिनी. मी काय, दार ओढून निघाले असते. पण मग तुमच्या दोन लेकरांचं आठवतं आणि रागावरही नीट उभं राहता येत नाही. थकायला होतं.

गेल्या महिन्यात सुनावणी झाली. या वेळी साहेबांच्या जागी एक बाई होत्या, वयस्कर. त्यांनी पावती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग विचारलं, हे लिहून देणारी तुझी भावजय अजून त्याच घरात राहते का? मी हो म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. निकाल यायला महिने लागतात. हे कागद बाहेर कुणाला दाखवत नाहीत, गावापर्यंत काही येणार नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

पावतीवरून घरात काही झालं का? लगेच लिहा. जेवत जा.

शीतल

---

१८ फेब्रुवारी २०२६

वहिनी,

मंजूर झालं.

निकालात तुमच्या पावतीवर दीड पान आहे. हल्ला झाला होता हे त्यांनी मान्य केलंय, आणि आम्ही भारतात कुठेही गेलो तरी घरचे शोधू शकतात हेही. बॅनरबद्दल लिहिलंय, की असा बॅनर लावला जातो यावरूनच घराचा निश्चय दिसतो. तंटामुक्तीचा कुणी उल्लेखही केलेला नाही.

लोक म्हणतात निकाल आला की माणूस रडतो. मला झोप आली. दुपारी एकला आडवी झाले ती दुसऱ्या दिवशी उठले. कल्याणने शेडमध्ये फोन करून मी आजारी आहे म्हणून सांगितलं. उठल्यावर त्याने मला चहा दिला आणि आम्ही दोघं आपापला कप घेऊन बसलो. आता कुणालाही काही सांगायचं नव्हतं, कितवा महिना ते नाही, बॅनर नाही, पाय नाही. इतकं हलकं वाटलं की ओळखीचंच वाटेना.

आता इथे राहता येईल, काम करता येईल, खोली घेता येईल. प्रवासाचा कागदही मिळणार आहे, पासपोर्टसारखाच दिसतो. त्यावर छापलेलं असतं, की हा जगातल्या सगळ्या देशांत चालेल, एक देश सोडून. आपला. तिथे जायला मला धोका आहे म्हणून तर इथे ठेवलंय. मी तिकडे पाय ठेवला तर इथले साहेब म्हणतील, धोका नव्हताच, आणि सगळं काढून घेतील. म्हणजे मायला काही झालं तरी मी येऊ शकणार नाही. हे मला अर्ज करताना वकीलबाईंनी सांगितलं होतं, मी मान डोलावली होती. तेव्हा ते वाक्य इतर शंभर वाक्यांसारखंच वाटलं.

मायला सांगा, पण जपून.

तुमच्यावर मी अजून रागावलेली आहे. आणि आज मी जिथे बसून हे लिहितेय ते तुमच्यामुळे. दोन्ही खरं आहे. ऑक्टोबरच्या पत्राला उत्तर आलं नाही, पण तुम्ही लिहीत राहा.

शीतल

---

१४ मार्च २०२६

शीतल,

पत्र आलं त्या दिवशी मी आणि नंदाबाईंनी लेकरांना खिचडीबरोबर गुळाचा खडा दिला. आज काय आहे म्हणून विचारत होती. आज शनिवार आहे म्हणून सांगितलं.

तू ऑक्टोबरात पावतीचं विचारलं होतंस, तेव्हा लिहायचं टाळलं, आता लिहिते. यांना कळलंय. सोयाबीनच्या दिवसांत एकदाच म्हणाले, "पिशवीतलं काय गेलंय ते मला ठाव हाय." मी चुलीपुढे बसले होते, तव्यावरची भाकरी उलटली. ते मोसंबीला पाणी द्यायला निघून गेले. त्यानंतर नाही काही. माझ्या पावत्या मात्र आता लावून देत नाहीत. माझं मी लावते, वाकड्यातिकड्या.

तुझ्या मायला घेऊन काल मळ्यात गेले. हरभरा काढायचा होता, आजूबाजूला कुणी नव्हतं. बांधावर बसून तिला सांगितलं, की शीतलचं सरकारी काम झालं, मंजूर झालं, आता तिला तिथून कुणी हलवू शकत नाही. तिने माझा हात धरला. किती दिवसांनी हसली. मग म्हणाली, "बरं झालं माय. केसमधून सुटली म्हण की. इतके दिवस कागदापायी अडकून पडली व्हती. मंग आता कधी येऊन राह्यली?"

 मी म्हटलं, तिकडचा कायदा कडक आहे, वेळ लागेल.

"लागू दे," म्हणाली. "मी कुठं चालले? नातवाला घेऊन ये म्हणावं."

आणि उठून हरभरा उपटायला लागली. गुडघे विसरून दोन सऱ्या काढल्या तिने. मी मागे मागे पेंढ्या बांधत होते. तिला खरं कुणी आणि केव्हा सांगायचं ते तू ठरव. माझ्यानं होत नाही.

दैवशाला